टेलिफोनच्या चरावर उभी गाडी

मला गाडी चालवता येते, हे सांगायची एकही संधी मी त्या दिवसांत सोडत नसे. जिन्यात कुणी नुसतं विचारलं, "वहिनी, भेंडी कशी दिली हो?" तरी माझं उत्तर असायचं, "आज मी गाडी घेऊन गेले होते ना वाशीला, मार्केटात, तिथे बरी मिळाली." भेंडीचा भाव राहायचा बाजूला आणि गाडी यायची पुढे. समोरच्या दुकानातून दुधाच्या पिशव्या आणायच्या असल्या तरी गाडीची किल्ली बोटात अडकवून, गरगर फिरवत जायची. आज अशी बाई माझ्यासमोर आली तर मी तिला बसवून चहा पाजीन, आणि ती गेल्यावर पदर तोंडाला लावून हसत बसेन.

पण तिचंही अगदीच काही चुकत नव्हतं. नव्वदीतलं ते कोपरखैरणं. रस्ते आधी झाले होते, माणसं मागून यायची होती. सेक्टरांना नंबर दिलेले, पण निम्म्या सेक्टरांत नुसतं गवत. मी त्या रस्त्यांवर गाडी शिकले, म्हणून शिकले. समोरून आली तर एखादी म्हैस यायची, तीही बाजूला व्हायची. बाकी खाडीचा वारा. दुसऱ्या कुठल्या गावात मला कुणी स्टिअरिंगला हात लावू दिला नसता, आणि दिला असता तर त्या गावाचं काही खरं नव्हतं.

गाडी आमच्या ह्यांनी ओळखीतून जुनी घेतली होती. मळकट पांढरी, चार दरवाजांची, गिअरचा दांडा स्टिअरिंगला चिकटलेला. हे रबाळ्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. कंपनीची बस सकाळी नाक्यावरून न्यायची आणि संध्याकाळी आणून सोडायची, त्यामुळे गाडी तशी काही लागत नव्हती. हौसेनं घेतली, आणि घेतल्यावर ह्यांच्या लक्षात आलं की गाडी चालवणं आपल्याला मुळीच आवडत नाही. ते चालवायला बसले की श्वास रोखून धरायचे. वाशी येईपर्यंत त्यांच्यापेक्षा आम्हालाच दम लागायचा. मग गाडी हळूहळू माझ्याकडे आली.

आणि माझ्याकडून ती सासूबाईंकडे गेली, असं म्हणायला हरकत नाही.

सासूबाई साताऱ्याकडच्या. सासरे गेल्यावर आमच्याकडे आल्या आणि दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशी जाऊन बसल्या. भांडत होत्या किंवा जेवत नव्हत्या अशातलं नाही, पण बोलत नव्हत्या. बोलणार तरी कोणाशी? शेजारणी मुंबईहून आलेल्या, त्यांचं बोलणं पटापटा. सासूबाईंचं एक वाक्य पुरं होईपर्यंत यांची चार होऊन दार लागलेलं असायचं. एकदा सहज त्यांना गाडीत घालून मार्केटला नेलं. कांद्याच्या गाळ्यांपाशी पाठीवर गोणी घेतलेला एक माथाडी वाट मागत ओरडला, आणि सासूबाई थबकल्याच. "कुटलं रं गाव तुजं?" त्यानं गोणी पाठीवर असतानाच गाव सांगितलं. सासूबाईंच्या माहेरापासून दोन कोसांवरचं. झालं! त्या दिवसापासून दर आठवड्याला मार्केट. तिथे निम्मे हमाल त्यांच्या मुलखातले. कुणाचा भाऊ, कुणाचं लग्न, कुणाची विहीर, सगळ्याची चौकशी करून बाई घरी यायच्या त्या वेगळ्याच.

त्यातून बिल्डिंगमध्ये एक पद्धतच पडून गेली. मार्केटात किलोवर कुणी काही देत नाही, गोणी उचला नाहीतर पुढे व्हा. म्हणून सगळ्या बायकांनी मिळून मागवायचं, मी आणि सासूबाईंनी गाडीतून आणायचं, आणि जिन्याखाली पोतं पसरून सासूबाईंनी वाटे घालायचे. त्या वाटे घालताना कुणी एक बटाटा इकडचा तिकडे केला तर त्याचा हात तिथेच थांबवायच्या. खिडकीशी बसणारी बाई ती हीच, हे सांगून खरं वाटलं नसतं.

तर अशी ती गाडी गळायला लागली.

आधी थेंबथेंब. मग रात्रीतून वाटीभर. ह्यांनी गोडेतेलाचा रिकामा डबा आडवा कापून त्याची परात केली आणि ती गाडीखाली सरकवून ठेवली. रोज सकाळी हे वाकून परात बाहेर ओढायचे, आणि सासूबाई वरून खिडकीतून विचारायच्या, "आज किती निगालं रं? रतीब घालाया जमंल का?" सगळी बिल्डिंग हसायची. ह्यांना ते लागायचं. स्टोअरमधला माणूस, ज्याच्याकडे खिळासुद्धा नोंदीशिवाय जात नाही, त्याच्या दारात रोज तेल वाया जातंय!

एका सोमवारी जेवताना ह्यांनी सांगून टाकलं, "गाडी काढतोय. आमच्या परचेसमधल्या साहेबांना एक जुनी गाडी हवीच आहे. रविवारी बघायला येतील."

माझा घास हातात राहिला. सासूबाई ताटात बघत बसल्या. जेवण झाल्यावर हात धुतले आणि खिडकीशी जाऊन बसल्या. रात्री उशिरापर्यंत उठल्या नाहीत.

मी ह्यांना म्हटलं, "अहो, गळायची थांबली तर?"

"थांबली तर बघू. पण मी त्यात आता एक पैसा घालणार नाही, सांगून ठेवतो."

हे 'बघू' म्हणजे काय असतं हे कळायला मला पुढे पुष्कळ वर्षं लागली. तेव्हा मला ते वचन वाटलं.

घणसोली गावात एक गॅरेज होतं. गावातलाच माणूस, घरापुढच्या आंब्याखाली गाड्या खोलायचा. दुसऱ्याच दिवशी मी गाडी घेऊन तिथे धडकले. तर आंब्याखाली मांडव! गॅरेजवाला नव्या बनियनवर, हातात केळीचा खुंट. तरी बिचारा वाकला, गाडीखाली डोकावला आणि म्हणाला, "ताय, चेंबरचा पॅकिंग गेलाय."

चेंबर म्हणजे इंजिनाच्या बुडाला लोखंडी तसराळ्यासारखं जे असतं, ज्यात ऑईल साठतं, ते. ते इंजिनाला जिथे टेकतं तिथे मधे बुचाची पट्टी असते. ती वाळली, चिरली की गळती सुरू. एवढं त्यानं मला सांगितलं.

"मग बदलून द्या ना, दादा."

"आमचे घरान हलद हाय. आता आठ दिस कोन पाना धरनार नाय. सगला गाव हिथंच जेवाला."

"मला रविवारच्या आत पाहिजे."

"मंग रविवारी हलदीला ये, जेवून जा."

मांडवातले सगळे हसले. आणि मग ती बाई, जिच्याविषयी मी हे लिहिते आहे, ती छाती पुढे काढून म्हणाली, "राहू द्या. मीच बदलते."

"तू?"

"का? मला गाडी चालवता येते."

"ताय, मना पन जेवता येतंय, म्हनून आज भात मी शिजवलाय का?"

पुन्हा हशा. पण माणूस चांगला. घरात जाऊन त्यानं कपाटातून नवं पॅकिंग काढून आणलं, शेलॅकची बाटली दिली, म्हणजे चिकटवायला दाट डिंकासारखं असतं ते, आणि खुंट खाली ठेवून बोटांनी हवेत दाखवलं. "आवलताना सगलीकरून थोरा थोरा आवल. एकाच बाजूला जोर केलास तर बूच फाटंल. आयकलास?"

"ऐकलं," मी म्हटलं. ऐकलं होतंच. लक्षात ठेवीन असं कुठे म्हटलं होतं?

घरी आल्यावर पॅकिंग कुठे ठेवायचं हा प्रश्न. नाजूक वस्तू, वाकली तर तुटेल. मी मोठ्या हुशारीनं ते स्वयंपाकघरात गॅसच्या वर, कुकरची रिंग ज्या खिळ्याला टांगायची, त्याच खिळ्याला टांगलं. रबरी रिंग आणि बुचाची रिंग, दोघी शेजारी. मला ते दृश्य इतकं आवडलं की शेजारणींना बोलावून दाखवलं. खाली दोन्ही वेळच्या भाकऱ्या चालूच होत्या.

मे महिना होता. शनिवारची सकाळ. हे बसला गेले आणि आम्ही कामाला लागलो. गाडीखाली शिरायचं कसं हा मोठा प्रश्न होता, त्याचं उत्तर गेटाबाहेर तयार होतं. टेलिफोनवाल्यांनी केबल टाकायला रस्त्याच्या कडेनं लांबलचक चर खणून ठेवला होता. टेलिफोन कधी येणार ते कुणाला माहीत नव्हतं, चर मात्र कधीचा येऊन पडला होता. कमरेइतका खोल, आणि रुंदीला गाडीच्या दोन चाकांमध्ये बरोबर मावेल इतका. गॅरेजात खड्डा असतो तो वेगळा काय असतो?

सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या खिडकीतून उठल्या. चपला घातल्या. "चल," म्हणाल्या.

चराच्या दोन्ही काठांवरून गाडीची चाकं न्यायची होती. एकीकडे मातीचा ढीग होता, तो मी फावड्यानं ओढून सपाट केला. मग मी स्टिअरिंगवर आणि सासूबाई समोर उभ्या, दोन्ही हात वर करून.

"उजवीकडं घे... आगं उजवीकडं!"

"घेतेय ना!"

"तुज्या न्हवं, माज्या उजवीकडं!"

"आई, तुम्ही माझ्याकडे तोंड करून उभ्या आहात!"

"मंग काय पाठ करून उबी राहू? चाक खड्ड्यात जातंय!"

अर्ध्या बिल्डिंगच्या बायका गॅलरीत. प्रत्येकीची उजवी बाजू वेगळी. शेवटी वॉचमननं येऊन सगळ्यांना गप्प केलं आणि एका हाताच्या खुणेनं गाडी चरावर बसवली. चाकांना पुढून-मागून दगड लावले. मी ह्यांचा जुना लेंगा आणि सदरा चढवून, डोक्याला फडकं बांधून चरात उतरले. सासूबाईंनी वरून पाट दिला बसायला. म्हणाल्या, "जेवाया बसल्यावानी बस. घाई करू नगं."

खाली बसून वर बघितलं आणि माझी बोबडी वळली. इतके दिवस मी ज्या गाडीला आपली म्हणत होते, तिचं हे अंग मी कधी पाहिलंच नव्हतं. सगळं काळं, चिकट, आणि माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर. वाटलं, आत्ता ही खाली बसली तर टेलिफोनची केबल माझ्यावरूनच जाणार.

"दिसतंय का काय?" वरून आवाज.

"दिसतंय."

"मंग बोल की. मला वाटलं मेलीस."

चेंबरचा नट मी सोडवला आणि घमेलं पुढे करायच्या आत ऑईल माझ्या बाहीत शिरलं. कोपरावरून काखेत, काखेतून कमरेला. मी जो काही आवाज काढला तो ऐकून गॅलरीतल्या बायका जिना उतरून खाली आल्या. मग चेंबरच्या कडेनं लावलेले बोल्ट एकेक करून काढायला घेतले. काढला की वर हात करायचा, सासूबाई तो घ्यायच्या. कशात ठेवत होत्या ते नंतर कळलं. माझा मसाल्याचा डबा! मोहरीच्या वाटीत पुढचे बोल्ट, जिऱ्याच्या वाटीत मागचे, हळदीची वाटी वॉशरना. मोहरी, जिरं, हळद एका कागदाच्या पुडीत एकत्र. ती फोडणी आम्ही पुढे महिनाभर खाल्ली.

शेवटचा बोल्ट निघाला तरी चेंबर हलेना. वर्षानुवर्षं चिकटून बसलेलं. दोन्ही हातांनी हलवत, त्याला वाट्टेल ते बोलत मी ते सोडवलं, आणि ते एकदम मांडीवर आलं. तळाला ही जाड काळी खरवड. मी चेंबर वर दिलं. सासूबाईंनी त्यात रॉकेल ओतलं, माझं उलथनं घेतलं आणि खरवड काढायला बसल्या. नंतर राखेनं, नंतर साबणानं. मी म्हणते, इंजिनाच्या चेंबरला राख कशाला? पण त्यांच्यापुढे काळं भांडं आल्यावर त्यांना थांबवणार कोण! पुसून कोरडं करून त्यांनी ते उन्हात धरलं तेव्हा त्यात बासुंदी आटवावी असं लखलखत होतं. मी खालून इंजिनाच्या कडेला चिकटलेलं जुनं बूच सुरीनं खरवडलं. ते भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारखं हातात येत होतं.

मग मोठ्या दिमाखात नवं पॅकिंग आणलं, चेंबरवर ठेवलं, आणि ते बसेना.

चारी बाजूंनी आखूड. भोकावर भोक येईना. एका कोपऱ्यात जुळवलं की दुसऱ्या कोपऱ्यात बोटभर कमी. मी पलटून पाहिलं, फिरवून पाहिलं. मग चराच्या काठावर बसून गॅरेजवाल्याच्या नावानं तोंड सोडलं. फसवलं मला, दुसऱ्याच गाडीचं दिलं, हळदीच्या नादात काय हातात आलं ते दिलं. आणि बोलता बोलता रडायलाच लागले. उद्या साहेब येणार, गाडी खड्ड्यावर, इंजिनाचं बूड उघडं, आणि सासूबाईंचं मार्केट संपलं. भंगारवाल्यानंसुद्धा आता ती घेतली नसती.

सासूबाईंनी पॅकिंग हातात घेतलं. वाकवलं. वास घेतला. "भाकरीचा वास येतोय ह्याला," म्हणाल्या. "आगं, वाळलंय हे. गॅसवर टांगून तू त्येला भाजलंस चार दिस."

"मग आता?"

"उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकाचं लाकूड आटतंय, वरची लोखंडी धाव ढिली हुती, तवा आमी काय करायचो? चाक वड्यात टाकायचो. पाणी प्यालं की लाकूड फुगतंय."

म्हणजे पाण्यात घालायचं. एवढंच ऐकून मी घरात धावले. पण नुसतं पाणी कशाला? मी परातीत ऊन पाणी घेतलं. ऊन का, कढतच. लवकर फुगावं म्हणून वर झाकण ठेवलं आणि दडपे पोहे करायला घेतले, कारण भुकेनं जीव चालला होता. पोहे खाऊन झाकण काढलं तर पॅकिंग परातीच्या कडा ओलांडून बाहेर आलेलं. चेंबरवर ठेवलं तर आता मोठं! आधी बोटभर आखूड होतं, आता बोटभर जास्त.

"वड्यात टाक म्हनलं मी, उकडाया कवा सांगितलं?"

"तुम्ही वेळ कुठे सांगितली?"

"चाकाला काय घड्याळ लावून टाकत्यात व्हय?"

मग ते दोरीवर चिमटे लावून वाळत घातलं, ह्यांच्या लेंग्यांच्या शेजारी. दर थोड्या वेळानं काढायचं, चेंबरवर ठेवून बघायचं, परत दोरीवर. वाट बघता बघता सासूबाईंना आणखी एक युक्ती सुचली. "कडंनं कणीक लावूया का? मडक्याच्या झाकणीला लावतो तशी. वाफ जात न्हाई, तर त्याल कसं जाईल?" मी तेव्हा पाच मिनिटं तरी त्याचा गंभीरपणे विचार केला, हे सांगायला मला आज मौज वाटते. कणीक मळायला घेतलीही असती, पण पॅकिंग एकदाचं मापात आलं.

शेलॅक लावलं, पॅकिंग चिकटवलं, चेंबर वर नेलं. आता बोल्ट. माझ्या हाताला लोणच्याच्या बरणीची सवय, झाकण लावायचं तर हवा शिरता कामा नये. पहिला बोल्ट मी दात-ओठ खाऊन आवळला. आणि शेजारून बूच बाहेर यायला लागलं, जास्त भरलेल्या पोळीतून पुरण येतं तसं. कोपऱ्यात टचकन चीर गेली.

तेव्हा मला आंब्याखालची ती हवेत फिरणारी बोटं आठवली.

मी गप्प झाले. वर कुणाला काही कळू दिलं नाही, असं म्हणणार होते, पण सासूबाईंना माझ्या गप्प बसण्याचाच संशय आला. "काय फोडलंस?" असं त्यांनी सरळ विचारलं. बोल्ट सैल केला. चिरेवर शेलॅक थापलं. मग त्यांनी वरून हुकूम सोडायचा आणि मी पाना फिरवायचा. "इकडचा अर्धा. आता तिकडचा अर्धा. पुरं! सोड!" गोधडीला टाके घालताना आधी चारी कडा सैल धावत्या टाक्यानं धरतात ना, तशा चालीनं आम्ही ते चेंबर चढवलं.

राहिलं ऑईल. नवं आणायचं गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं. पण घमेलंभर जुनं समोर असताना ते टाकून द्यायचं, हे सासूबाईंना कोणी पटवावं? त्यांनी सुती साडीचं फडकं आणलं, आणि तूप गाळावं तसं आम्ही ते गाळून परत इंजिनात ओतलं.

संध्याकाळी बस आली. हे पिशवी हातात घेऊन रस्त्यानं येत होते. आधी त्यांना गाडी दिसली, मग गाडीखालचा चर, मग चरातून वर आलेलं माझं डोकं.

"हे काय आहे?"

"पॅकिंग बदललं," मी म्हटलं.

"कुणी?"

"आम्ही," सासूबाई म्हणाल्या.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग दोरीवरच्या आपल्या लेंग्याकडे पाहिलं, त्यावर ओल्या बुचाचा तपकिरी डाग होता. "उद्या साहेब येणार आहेत," एवढंच बोलून वर गेले. शेलॅक वाळायचं म्हणून गाडी तिथेच ठेवली आणि चरात गाडीखाली वर्तमानपत्रं पसरली.

रविवारी सकाळी मी तोंड न धुता खाली गेले. कागद कोरडे. एक टिपूस नाही! मी हात लावून पाहिलं, शाई लागली फक्त. सासूबाईंनी वरून नुसतं डोळ्यांनी विचारलं, मी नुसती मान हलवली. त्या दिवशी त्यांनी स्वतःहून शेजारणीला हाक मारून विचारलं, "आंब्याची पेटी सांगायची का गं ह्या आठवड्यात?"

आम्ही सगळे खाली उतरलो, आणि मग साहेब स्कूटरवरून आले. धिप्पाड, सोनेरी काड्यांचा चष्मा, खिशाला दोन पेनं. गाडी चरावर का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा हे म्हणाले, "खालून बघता येईल म्हणून." साहेबांनी वाकून बघितलं. कोरडे कागद, लखलखीत चेंबर. ह्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुम्ही तर म्हणत होता गळते! अहो, नवीकोरी ठेवली आहे. कागदपत्रं आणा, आजच नेतो."

आमच्या दोघींच्या पायांखालची जमीन सरकली. गळायची ती थांबवली म्हणून गाडी राहणार होती, आणि थांबली म्हणूनच ती चालली! मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे चुळबुळत होते. त्यांचं ते 'बघू' त्यांनाही आठवलं असावं, पण समोर साहेब. सासूबाई आत वळल्या. कुठे चालल्या ते मला ठाऊक होतं, खिडकीशी.

साहेब म्हणाले, "काम मात्र फर्स्ट क्लास केलंय. कुठल्या गॅरेजला दिली होती?"

आता इथे लोक म्हणतात, मी डाव टाकला. आजही नातेवाइकांत ही गोष्ट निघाली की माझ्या हुशारीचं कौतुक होतं. खरं सांगते, डोक्यात डाव वगैरे काही नव्हतं. गाडी जात होती, आणि तरीही 'फर्स्ट क्लास' हा शब्द ऐकून त्या बाईला राहवलं नाही. तिला मिरवायचं होतं. बस्स.

"गॅरेजला कशाला?" मी म्हटलं. "मीच बसवलंय. ह्या खड्ड्यात बसून."

"तुम्ही?"

"हो! चेंबर सासूबाईंनी घासलं. राखेनं. पॅकिंग आधी वाळलं होतं ना, मग उकळत्या पाण्यातून काढलं, दोरीवर वाळवलं, मग बरोब्बर बसलं. एका कोपऱ्यात फाटलंय थोडंसं, पण तिथे मी जास्त शेलॅक थापलंय. ऑईल जुनंच आहे, वाया नाही घालवलं, साडीच्या फडक्यातून गाळून घेतलं. आई तर कणीक लावायची म्हणत होत्या!"

साहेबांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. मग गाडीपासून दोन पावलं मागे सरले. "वा," म्हणाले. "छान. घरात चर्चा करतो आणि कळवतो." चहासुद्धा न घेता गेले. स्कूटर कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यांनी मागे पाहिलं नाही.

मला काय वाटलं असेल? आनंद? छे! मी जाम चिडले. "म्हणजे काय? मी बसवलं म्हणून नको? आत्ता तर फर्स्ट क्लास होतं!" मी रस्त्यावर उभी राहून भांडायला लागले, आणि हे कठड्याला टेकून हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण ह्यांना असं हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. सासूबाई जिन्यातच थांबल्या होत्या, त्या परत खाली आल्या. "गेला व्हय त्यो?" त्यांनी विचारलं. ह्यांनी हसत हसतच मान हलवली.

"आणि आता दुसरं गिऱ्हाईक आणशील?"

"कोण घेणार आहे, आई? ही बाई प्रत्येकाला सांगणार," हे म्हणाले. डोळे पुसले. मग काय वाटलं कोण जाणे, चपला काढल्या, रविवारच्या परीटघडीच्या पायजम्यानिशी चरात उतरले आणि पाटावर बसले. मी काठावर बसले, सासूबाई माझ्याशेजारी.

"अगं," खालून ह्यांचा आवाज आला, "इथला एक बोल्ट थोडा ढिला वाटतोय. पाना दे."

"हात लावू नका!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.